मालकाला विचारणार कोण?

लातूरच्या एमआयडीसीत शेती अवजारांचे वर्कशॉप चालवणाऱ्या 36 वर्षांच्या एका वाचकाचे तीन पानी पत्र श्रावणात आले. त्यातला मुख्य भाग असा आहे :

"वाळूजच्या एका कंपनीत मी नऊ वर्षे सुपरवायझर होतो. सातच्या पाळीला पावणेसातला गेटवर हजर असायचो, एकदाही लेटमार्क लागला नाही. 2019 मध्ये नोकरी सोडून स्वतःचे शेड टाकले. पेरणी यंत्रे, कल्टिव्हेटर, ट्रॉल्या बनवतो, हाताखाली सहा माणसे आहेत. पहिली तीन वर्षे झपाटल्यासारखे काम केले. आता मात्र शेडवर पोचायला दहा वाजतात. दिवसभर फोन, चहा, कोणाच्या तरी शेतावर चक्कर, आणि संध्याकाळी पाहावे तर हातून एकही काम पुरे झालेले नसते. मे महिन्यात दोन पेरणी यंत्रांच्या फ्रेमवर भोके चुकीच्या अंतरावर पडली, ती चूक माझ्याच मार्किंगची होती. उधारी दहा-अकरा लाख असेल. प्रेरणादायी व्हिडिओ पाहिले की चार दिवस अंगात वारे भरते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सध्या सोलर पंपाची एजन्सी घ्यावी असे मनात आहे. बायको गावातल्या बचत गटाची सचिव आहे. ती म्हणते, तुम्हाला विचारणारे कोणी उरले नाही म्हणून असे झाले. रात्री तीनला जाग येते. मी आळशी झालो आहे का? पुन्हा नोकरी धरावी का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तुम्ही आळशी झालेले नाहीत, हे आधी सांगतो. आळशी माणूस चुकलेल्या भोकांचे खापर वेल्डरच्या माथी मारतो, तो ती चूक आपल्या हाताने लिहून कळवत नाही. तुमच्या दुखण्याचे निदान तुमच्या पत्नीने एका वाक्यात केलेले आहे आणि ते बरोबर आहे. मी त्यात थोडी भर घालणार आहे.

वाळूजच्या त्या नऊ वर्षांत तुमची उमेद आजच्यापेक्षा जास्त होती, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. तिथे तुमचा दिवस दुसऱ्यांनी बांधून दिलेला होता. गेटवर कार्ड लागत होते, मागच्या पाळीचा सुपरवायझर तुमच्या हातात वही देऊन मगच घरी जात होता, तासागणिक किती नग निघाले ते फळ्यावर लिहावे लागत होते, आणि आकडा कमी पडला की जेवणाच्या सुट्टीआधी कोणीतरी येऊन कारण विचारत होते. त्या विचारण्याचा तुम्हाला तेव्हा राग येत असेल, नोकरी सोडण्यामागे तो राग थोडाफार असेलही. नोकरी सुटली तसा साहेब सुटला. पण त्याच्याबरोबर तो फळा, ती वही आणि ते विचारणेही वाळूजलाच राहिले, आणि त्यांच्या जागी तुम्ही आपल्या शेडमध्ये काही आणून ठेवले नाही. पहिली तीन वर्षे ही उणीव जाणवली नाही, कारण तेव्हा बँकेचा हप्ता नवा होता, पहिले गिऱ्हाईक कसे टिकते याची धाकधूक होती, आणि "नोकरी सोडून बसलाय, बघू किती दिवस टिकतो" असे म्हणणारे भाऊबंद रोज भेटत होते. ती सगळी माणसे नकळत तुमच्या साहेबाचे काम करत होती. धंद्याचा जम बसला आणि त्यांनी विचारणे सोडले.

आता पत्रातल्या एका शब्दाकडे येतो. तीन पानांत तुम्ही झोपेबद्दल लिहिले, फोनबद्दल लिहिले, व्हिडिओंबद्दल तर पाऊण पान लिहिले. उधारीला मात्र एकच ओळ मिळाली, आणि तिच्यातही क्रियापद आहे "असेल". लोखंडाचा अँगल हातात घेताच तो पाच एमएमचा की सहाचा हे सांगणारा माणूस आपल्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या रकमेबद्दल "दहा-अकरा लाख असेल" असे म्हणतो. दहा आणि अकरा यांच्यामध्ये एक लाख रुपये आहेत, म्हणजे तुमच्या सहा माणसांचा जवळजवळ महिन्याचा पगार. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या दिवसांत लातूरच्या घराघरातले लहान मूलसुद्धा घरात भरलेल्या घागरी किती आहेत ते सांगू शकत होते. जी गोष्ट संपली तर घर अडते, तिचा आकडा तोंडपाठ असतो. तुम्हाला तुमचा आकडा माहीत नाही याचा अर्थ तुम्हाला त्याची पर्वा नाही असा मी घेत नाही. तो पाहण्याची तुम्हाला भीती वाटते, असा घेतो.

तुमचे मन दिवसभर जिथून पळते, ती जागा हीच आहे असे माझे ठाम मत आहे. शेडवर लवकर पोचावे तर टेबलावर ती वही असते आणि नऊच्या सुमारास लोखंडवाल्याचा फोन येतो. त्यापेक्षा वाटेत कोणाच्या शेतावर जाऊन त्याच्या कल्टिव्हेटरचा वाकलेला दाता पाहिलेला बरा, कारण तिथे चहा मिळतो, दोन चांगले शब्द मिळतात आणि काम केल्याचे समाधानही मिळते. सोलर पंपाची एजन्सीही त्याच वाटेवरची आहे. तो धंदा वाईट नाही, पण आज तुम्हाला तो गोड वाटतो तो एवढ्याचसाठी की त्याची उधारीची वही अजून कोरी आहे. दिवाळीपर्यंत त्या विषयावर कोणाशी बोलूसुद्धा नका, ही माझी पहिली विनंती.

हे मी स्वतःच्या ठेचेवरून सांगतो आहे. परभणीत मी अनेक वर्षे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चालवले. 2015 च्या दुष्काळात गिऱ्हाईक तुटले, तेव्हा मी दुकान उघडून समोरच्या हॉटेलात जाऊन बसत असे आणि पाऊस, भाव, पुढारी या विषयांवर दुपारपर्यंत बोलत असे. उधारीची वही मी चार महिने उघडली नाही. लोक अडचणीत आहेत, आत्ता कसे मागायचे, असे मी मनाला समजावत होतो, आणि ते अर्धे खरेही होते. पण ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनाही मी विचारले नाही. अखेर वही उघडली तेव्हा एका संस्थेकडे 1,86,000 रुपये अडकलेले दिसले आणि माल देऊन तीन वर्षे उलटून गेली होती. वकिलाकडे गेलो, तर त्यांनी बिलावरची तारीख वाचली आणि कागद परत माझ्या हातात दिला.

तो कागद परत का मिळाला, हे तुमच्या उपयोगाचे आहे म्हणून सविस्तर लिहितो. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, आणि उधारीची बोली ठरलेली नसेल तर ती माल दिल्या दिवसापासून मोजली जाते. मात्र ती मुदत संपण्याआधी गिऱ्हाइकाने आपल्याकडे अमुक रक्कम बाकी आहे असे लिहून सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. म्हणून पैसे मिळाले नाहीत तरी सही मिळवावी. बाकी कबूल आहे असे दोन ओळींचे पत्र, खाली तारीख आणि सही, एवढे पुरते. भल्या माणसाला त्यात अपमान वाटत नाही, आणि ज्याला वाटतो त्याच्याबद्दल आपल्याला वेळीच कळते.

पत्रावरून दिसते की तुमचा काही माल तालुक्याच्या ठिकाणच्या विक्रेत्यांमार्फत जातो. त्यांच्यासाठी 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा आहे. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) झालेली असेल, तर लेखी करार असला तरी त्यांना 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत आणि करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांची असते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय मुदत उलटूनही वर्षअखेरीस थकलेली अशी रक्कम विक्रेत्याला त्या वर्षीच्या प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही, हा नियम 2024-25 च्या आकारणी वर्षापासून लागू झालेला आहे. बहुतेक विक्रेत्यांचे सीए हे जाणून असतात, त्यामुळे मार्चच्या आधी एक नम्र पत्र पाठवले तरी पुष्कळ काम होते. नोंदणी केली नसेल तर ती ऑनलाइन, विनाशुल्क होते. दलालाला पैसे देऊ नका. हे हत्यार शेतकऱ्यावर मात्र उगारायचे नाही. त्याचा पैसा सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उतरल्यावरच येतो, हे यंत्र देताना तुम्हालाही ठाऊक होते.

तेव्हा पहिले काम असे करा. येत्या आठवड्यात एक सकाळ निवडा, माणसे येण्याच्या दोन तास आधी शेड उघडा, आणि एका नव्या वहीत प्रत्येक बाकीदाराचे नाव, रक्कम, माल दिल्याची तारीख आणि त्याने शेवटचा शब्द काय दिला होता, एवढे चार रकाने भरा. ज्यांचे सोयाबीन शेतात उभे आहे त्यांच्या नावापुढे दसऱ्यानंतरची तारीख घाला, विक्रेत्यांची पाने वेगळी काढा, आणि जी रक्कम आता बुडाली असे तुमचे मन म्हणते तीही लिहा, गाळू नका. बेरीज झाली की ती वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. आकडा अकराऐवजी साडेतेरा निघाला तरी चालेल. तो दिवस जड जाईल, कदाचित दोन दिवस जड जातील, पण पहाटे तीनची जी जाग आहे तिच्यात त्यानंतर पहिल्यांदा फरक पडेल, असे मला वाटते.

इथवरचे काम तुम्ही एकट्याने कराल. ते टिकवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला परभणीच्या मोंढ्यात नेतो.

माझ्या वडिलांची तिथे आडत होती. दुकानाचे मालक ते, पण रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहीत मुनीम. दुकानात शेकडो खाती होती आणि त्यांत एक खाते खुद्द वडिलांच्या नावाचे होते. दिवसभरात गल्ल्यातून त्यांनी काढलेला प्रत्येक रुपया संध्याकाळी त्या खात्यावर नावे पडे, आणि तो कशासाठी काढला हे सांगितल्याशिवाय मुनीम पुढची ओळ लिहीत नसत. दिवेलागण झालेली असे, गादीवर लाल बासनातल्या वह्या पसरलेल्या असत, बाहेर हमाल पोत्यांवर बसून चुकाऱ्याची वाट पाहत असत, आणि मुनीम टाक वर धरून वडिलांकडे पाहत असत. एकदा वडील त्रासून म्हणाले, "लिहा काहीतरी." मुनीमांनी टाक दौतीला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "काहीतरी या नावाचं खातं आपल्याकडं नाही, मालक." वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत, थोडा वेळ आठवले आणि म्हणाले, "पत्त्यात हरलो. घरखर्चात घालू नका, माझ्याच नावावर टाका." त्यानंतर ते पत्ते खेळायला बसलेले मी पाहिले नाहीत. मुनीमांनी त्यांना एका शब्दानेही उपदेश केला नव्हता.

त्या पिढीने स्वतःच्याच पगारी माणसाला आपल्याला विचारण्याचा अधिकार दिलेला होता, आणि त्यात मालकीला उणेपणा येतो असे त्यांना वाटत नव्हते. आज हिशेब मोबाइलमध्ये गेले, जीएसटीचे विवरणपत्र सीए भरतो, आणि टाक वर धरून बसणारा माणूस दुकानातून गेला. तो तुम्हाला परत आणावा लागेल. दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला ठरावीक पगार घ्या, तो धंद्याला झेपेल एवढाच ठेवा, आणि त्यापलीकडे गल्ल्यातून किंवा फोनवरून जे काही काढाल ते कारणासह त्याच दिवशी लिहा. पैशाबरोबर दिवसाचाही असाच रोजमेळ ठेवा : आज कोणती तीन कामे उरकणार हे सकाळी, आणि त्यांतली किती उरकली हे शटर ओढण्याआधी. दोन्ही मिळून दहा मिनिटांचे लिखाण आहे.

हे वाचणार कोण? तुमच्या मनात पत्नीचे नाव येईल, कारण त्यांना हिशेब कळतो. बचत गट कसे चालतात हे त्या रोज पाहतात. नाबार्डने 1992 साली गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा तारणाशिवाय दिलेले कर्ज परत येईल का, ही शंका पुष्कळांना होती. ज्या गटांत ते येत राहिले तिथे कारण साधे होते, बैठकीत वही मोठ्याने वाचली जात होती आणि हप्ता चुकलेली बाई समोरच बसलेली असे. तरीही पत्नीला तुमचा मुनीम करू नका असे मी सांगेन. रात्री जेवताना "आज किती वसुली झाली" हा प्रश्न आला की आधी उत्तर टाळले जाते, मग जेवण टाळले जाते, आणि संसारात एक साहेब येऊन बसतो. त्यांना महिन्यातून एकदा उधारीची एकूण बेरीज दाखवा, तुमचा पगार किती असावा हे त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि आठवड्याच्या विचारण्यासाठी बाहेरची माणसे शोधा.

दोन माणसे पुरेत. ती तुमच्या धंद्यातली नसावीत, तुमची देणेकरी किंवा घेणेकरी नसावीत, नात्यातलीही नसावीत, पण स्वतः मालक असावीत. लातूर डाळ मिलचे गाव आहे. एखादा लहान मिलवाला, एखादा मोटर रिवाइंडिंगवाला तुमच्याच वसाहतीत असेल आणि त्यालाही विचारणारे कोणी नसेल. शनिवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकमेकांच्या शेडमध्ये चाळीस मिनिटे बसा. मागच्या शनिवारी मी काय करतो म्हणालो होतो, त्यातले काय झाले, आठवड्यात वसुली किती आली आणि पुढच्या शनिवारपर्यंत काय करणार, एवढे प्रत्येकाने आपली वही उघडून वाचायचे. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, दंड ठेवायचा नाही. दंड ठेवला की माणूस पन्नास रुपये भरून मोकळा होतो, हे मी एका मंडळात पाहिलेले आहे. भिशीचा हप्ता तुम्ही कधी चुकवत नसाल, कारण तिथे तारखेला नाव पुकारले जाते. इथेही तेवढेच होणार आहे. पहिल्या दोन शनिवारी संकोच वाटेल आणि तिसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी लग्न निघेल. ती तिसरी बैठक काही झाले तरी मोडू देऊ नका, फोनवर का होईना पण घ्या. माझ्या अनुभवात असे उपक्रम तिथेच मोडतात.

आता एकाग्रतेबद्दल. दोन फ्रेमची भोके चुकली त्या दिवशी काय घडले असावे याची मी कल्पना करू शकतो. सोयाबीनसाठी दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर हवे, तुम्ही फ्रेमवर पट्टी धरून खडूने खुणा करत होता, तिसऱ्या खुणेला फोन वाजला, बोलणे संपले आणि तुम्ही चौथी खूण केली. हात पट्टीवर होता, मन फोनवरच्या माणसाकडे होते. सोफी लेरॉय या अमेरिकेतल्या संशोधिकेने 2009 साली हेच दाखवून दिले, की एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतले तर मनाचा एक भाग पहिल्या कामातच गुंतून राहतो आणि दुसरे काम बिघडते. तुमच्या धंद्यात ते बिघडलेले काम शेतात जाऊन उगवते. दोन दात्यांमधले अंतर इंचाने सरकले, तर महिन्याभराने त्याच ओळींत तण काढायचे कोळपे चालवताना त्याचे पाते उभ्या पिकाला लागते, आणि शेतकरी वर्षभर तुमच्या नावाने बोटे मोडतो.

तेव्हा मार्किंग, माप आणि हिशेब या तीन कामांसाठी सकाळचे दोन तास राखून ठेवा आणि त्या वेळात फोन टेबलाच्या खणात नको, हाताखालच्या जाणत्या माणसाकडे द्या. "मालक अकराला फोन करतील" एवढे सांगणे त्याला जमेल. पण हा नियम बाराही महिने चालवू नका. व्यवसायावरच्या सल्ल्यांत रोज एकच दिनक्रम ठेवायला सांगतात, आणि पावसावर चालणाऱ्या धंद्यात तो पहिल्याच जूनमध्ये मोडतो. मृग बरसला, रानात वाफसा आला (ओल पेरणीजोगी झाली) आणि कोणाचे पेरणी यंत्र बांधावर मोडून पडले, तर त्या माणसाचा फोन अकरापर्यंत थांबू शकत नाही. वाफसा गेला की त्याची पेरणी लांबते. म्हणून दोन वेळापत्रके करा. अक्षय्य तृतीयेपासून पेरण्या उरकेपर्यंत फोन तुमच्याच हातात राहील आणि मार्किंगचे काम त्याआधीच, फाल्गुन-चैत्रात, साचे करून उरकलेले असेल. उरलेल्या वर्षात दोन तासांचा नेम पाळायचा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेड बंद राहणार, तो दिवसही आधीच धरून चाला, म्हणजे नेम मोडल्याची हळहळ नको.

वसुलीचे फोन कधी करावेत, हेही ठरवून टाका. सकाळी बोहनीच्या वेळी पैसे मागितलेले लोकांना रुचत नाही आणि दिवेलागणीला घरातून लक्ष्मी बाहेर काढत नाहीत, हे तुम्ही जाणता. दुपार बरी. "रोज वसुलीकडे लक्ष देईन" असा संकल्प करू नका. "जेवून डबा बंद केला की वही उघडून तीन फोन करीन" असे ठरवा. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये यावर लिहिलेला लेख पुष्कळ गाजला : अमुक घडले की मी तमुक करीन, अशा रीतीने कामाला जागा आणि वेळ नेमून दिली, तर ते नुसत्या निश्चयापेक्षा अधिक वेळा पार पडते. तुमच्या शेडमध्ये सकाळी मशीनला अगरबत्ती लावण्यासाठी कोणी व्हिडिओ पाहत नाही. तीन फोनही तसेच डब्याला बांधून टाका.

कामगारांबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी तक्रार केली आहे की ते उशिरा येतात. तुम्ही दहाला येता, ते साडेनऊला येतात. यावर मी अधिक लिहीत नाही. शेडच्या दारासमोर एक फळा लावा, त्यावर कोणत्या गिऱ्हाइकाचे कोणते अवजार कोणत्या तारखेला द्यायचे ते लिहा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे काम लिहिताना सर्वांत वरची ओळ तुमच्या नावाची ठेवा.

पहाटे जाग येण्याबद्दल एक गोष्ट काळजीने लिहितो. एप्रिल ते जून तुम्ही दिवसरात्र राबता आणि पेरण्या संपल्या की एकदम हात रिकामे होतात. त्या ओसरण्यात मन खाली जाणे स्वाभाविक आहे, त्याला आळस म्हणू नये. पुढच्या वर्षी पेरण्या उरकल्यावर आठ दिवसांची सुट्टी उघडपणे घ्या, शेडला कुलूप लावून. पण झोप न लागणे, कशातच मन न लागणे, भूक मंदावणे हे दोन आठवड्यांहून अधिक रोज चालू असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न राहत नाही आणि वही-फळ्याने सुटत नाही. अशा वेळी डॉक्टरांना भेटा, किंवा 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. ती केंद्र सरकारची मोफत सेवा आहे आणि रात्रीही चालू असते. आपल्या भागात कर्ज आणि एकटेपणा एकत्र आले की काय होते, हे आपण दोघांनीही पाहिलेले आहे, म्हणून हे टाळू नका.

राहिला नोकरीचा प्रश्न. परत नोकरी धरण्यात कमीपणा नाही, आणि धंदा खरोखरच चालण्याजोगा नसेल तर मीच तुम्हाला ती धरायला सांगेन. पण धंदा चालण्याजोगा आहे की नाही, हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही, कारण वही अजून बंद आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वही पाटावर मांडाल, तोवर सोयाबीनचे पैसे लोकांच्या हातात आलेले असतील आणि दहा-बारा शनिवार झालेले असतील. पाडव्यानंतर मला पुन्हा पत्र लिहा. आज बेरीज केल्यावर उधारीचा जो आकडा निघेल तो, आणि त्या दिवशी असेल तो, असे दोन आकडे त्यात हवेत, आणि एकूण किती शनिवार बसलात तेही कळवा. पत्र आले नाही, तर मार्गशीर्षात मीच तुम्हाला पत्र टाकून विचारीन.